मीनलच्या मापाची मूठ

निशिकांतने दार उघडलं आणि तो उंबऱ्यातच थांबला. मीनलच्या हातात भिंतीवरची नेपाळी कुकरी होती.

"ठेव ती खाली!"

"अहो, ओरडू नका. आधी माझा हात बघा."

त्याने पाहिलं. ओट्यावर लाल भोपळ्याची दोन भकलं पडली होती. परदेशातल्या यिशुन वस्तीतल्या त्या फ्लॅटमध्ये कित्येक महिन्यांत अख्खा भोपळा आला नव्हता. आणि मीनलचा उजवा हात, जो चहाचा कप धरला की बशीभर चहा सांडायचा, तो जवळजवळ स्थिर होता.

दोन वर्षांपूर्वी तिला हाताच्या कंपाचा त्रास सुरू झाला. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, पण पूर्ण बरं व्हायचंही नाही. एकदा कांदा चिरताना सुरी बोटात खोल गेली. त्याच संध्याकाळी मुलगा रुचिर आला आणि घरातल्या सगळ्या सुऱ्या पिशवीत भरून घेऊन गेला. तेव्हापासून घरात दुकानातली चिरलेली भाजी यायची. जिच्या हातचं जेवायला जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यातले निशिकांतचे सहकारी वाट वाकडी करून यायचे, ती मीनल आता पाकिटं फोडत होती. फोनवर मैत्रिणींना सांगायची, "छे गं, आता नाही बोलावत कुणाला."

निशिकांतकडे मात्र भिंतभर धार होती. रीतसर परवानगी काढून त्याने नेपाळहून कुकऱ्या जमवल्या होत्या. जुनं पातं आणायचं, गंज उतरवायचा आणि त्याला आपल्या हाताने नवी मूठ बसवायची, कधी शिसवीची, कधी म्हशीच्या शिंगाची. त्या भिंतीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा घरातला कायदा होता.

"हलकी सुरी माझ्या हातात नाचते," मीनल म्हणाली. "हिला वजन आहे. हीच माझा हात धरून ठेवते. फक्त फार लांब आहे, आणि मूठ तुमच्या पंजाची आहे. मला माझ्या मापाची करून द्या."

निशिकांत भिंतीपाशी गेला. सगळ्यांत आखूड, जाड पाठीची कुकरी एकच होती. नेपाळमधल्या भोजपूरच्या कुणा जुन्या लोहाराने घडवलेली, मूळच्या मुठीसकट टिकलेली. तिला मात्र त्यानेही कधी हात लावला नव्हता. त्याचा मित्र मुकुल, बँकेतला, स्वतः मोठा संग्राहक, दर भेटीत ती मागायचा. निशिकांतने त्यालाच फोन लावला.

"वेडा आहेस का?" मुकुल म्हणाला. "मूळ मूठ काढलीस की संपलं. अशी दुसरी मिळायची नाही."

"माहीत आहे," निशिकांत म्हणाला. फोन ठेवून तो कितीतरी वेळ ती कुकरी मांडीवर घेऊन बसला. मग मूठ सुटावी म्हणून त्याने तिच्यातली लाख तापवायला घेतली.

पहिली मूठ मीनलच्या हातात फिरली. दुसरी तिने धरली आणि लगेच परत दिली. "दिसायला सुरेख आहे. पण ही न हलणाऱ्या हातासाठी केलीत तुम्ही. माझा हलतो." मग तिनेच घट्ट कणीक मळली, तिचा गोळा मुठीत आवळला आणि हात थरथरतो तसा थरथरू दिला. बोटं कुठे सरकतात, अंगठा कुठे आधार शोधतो, सगळं कणकेत उमटलं. तो गोळा वाळवून, समोर ठेवून निशिकांतने तिसरी मूठ कोरली. वजनासाठी आत पितळेची सळई घातली. प्रत्येक टप्प्यावर ती धरून बघायची आणि सांगायची, "इथे अजून. इथे बास."

रविवारी रुचिर आला. स्वयंपाकाच्या बाईची मुलाखत त्याने ठरवून टाकली होती. ओट्यावरची कुकरी बघून तो ओरडलाच. "आई, डोन्ट प्ले प्ले लाह, मस्करी नको! इट्स अ वेपन!"

"बस तिथे," मीनल म्हणाली.

तिने भोपळा घेतला. पातं वरून टेकवलं आणि सगळं वजन त्याच्यावर सोडलं. भोपळा कर्रकन दुभंगला. मग फोडी, मग गाजरं, मग कोबी. हात थोडा थरथरत होता, पण पातं पाटावरून ढळत नव्हतं. शेवटी तिने रुचिरसमोर कोबीचा ढीग सरकवला, केसासारखा बारीक.

"त्या बाईंना सांग, भांडी घासायला या. स्वयंपाक मी करते."

रुचिर हसला, आणि हसता हसता त्याने डोळे पुसले. त्या दुपारी त्याने भोपळ्याचे घारगे मोजले नाहीत, नुसते खाल्ले.

पुढच्या महिन्यात कुकरी जमवणाऱ्यांचं प्रदर्शन भरलं. सीमेपलीकडच्या जोहोरहूनही माणसं आली होती. निशिकांतच्या टेबलाभोवती गर्दी होती. शिंगाच्या मुठींवर बोटं फिरत होती. मुकुल गर्दीतून वाट काढत आला आणि त्याने टेबलावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवली.

"भोजपूरची कुठाय? अरे, लोक तीच बघायला आलेत!"

निशिकांतने ताठ उभं राहून, शेजारच्या टेबलांनाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "ती आज यायची नाही. घरी मंडळी आहेत जेवायला, मीनलनं भाजीला घेतलीय."