एकेचाळीस शुभेच्छुक

फ्लेक्सवर एकेचाळीस तोंडं होती. अर्जावर एकही नाव नव्हतं.

फ्लेक्स शेगावहून छापून आला होता. मारुतीच्या ओट्यासमोर दोन बल्ल्यांना ताणून बांधलेला. वर 'भव्य रोडगे भोजन' आणि खाली तोंडंच तोंडं. गॉगलवाली, फेटेवाली, मोबाईल कानाला लावलेली. सगळ्यांत मोठं तोंड गल्लीच्या समितीचा अध्यक्ष कारभारी याचं.

अर्ज प्रतीक्षाच्या मांडीवर होता. ती विम्याची एजंट, खामगावहून स्कुटीवर आलेली. उद्या चारशे माणूस जेवणार. विम्याचा कागद आणि हमीपत्र पाचच्या आत पोलीस ठाण्यात पोचलं नाही, तर परवानगी नाही. साडेतीन वाजले होते.

"आयोजक कोण?" तिनं तिसऱ्यांदा विचारलं.

"समस्त गल्लीकर," कारभारी म्हणाला. "लिहा ना तसंच."

"समस्त गल्लीकर सही करत नाहीत, दादा. एक माणूस पाहिजे, आधार कार्डवाला." तिनं हमीपत्र वाचून दाखवलं. "कार्यक्रमात दुर्घटना घडल्यास त्यास मी जबाबदार राहीन."

ओट्यावरच्या माना मोबाईलमध्ये गेल्या. एक जण पायातच असलेली चप्पल शोधायला लागला.

"फ्लेक्सवर तर तुमचा फोटो सगळ्यांत मोठा आहे," प्रतीक्षा म्हणाली.

"खाली काय लिहेल हाय ते वाचा, मॅडम. शुभेच्छुक. आमी एकेचाळीसही जण शुभेच्छुक हाओत. आयोजक काऊन म्हणता?"

"मग मागच्या वर्षी कोणी सही केली?"

"मागल्या वर्षी कागदच नव्हता. काही झंझटच नव्हती."

"हाव. कागदच नव्हता," शिडीवरून आवाज आला.

मांडव बांधणारा वहाब खाली उतरला. मागच्या वर्षी याच जागी लोखंडी पाइपात करंट उतरला आणि त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. दवाखान्यातून सुटून तो भरपाईचं विचारायला आला, तेव्हाही आयोजक समस्त गल्लीकरच होते. आता तो गाठ दातानं आवळतो.

तो हात पाहूनच कारभारीला कल्पना सुचली. असल्या माणसांना कल्पना अशाच सुचतात.

"वहाबभाई, तूच टाक ना सही. मांडव तुहा, वायर तुही. घरचाच माणूस हायेस तू."

"घरचाच!" ओटा एका आवाजात बोलला. वर्षभरात वहाबला कोणी त्या ओट्यावर बस म्हटलं नव्हतं.

"यांनी आयोजक म्हणून सही केली तर यांनाच विमा लागू होणार नाही," प्रतीक्षा म्हणाली. "विमा बाकीच्यांना. जेवायला येणाऱ्यांना, काम करणाऱ्यांना. सही करणाऱ्याला नाही."

"मंग काय झालं? करंट काय दरसाल यालेच पकडते?" समितीचा सचिव निवृत्ती म्हणाला आणि स्वतःच हसला. बाकीचेही हसले. माणसं हसली असं म्हणायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं.

"मी सही नाही करत, कारभारीभाऊ," वहाब म्हणाला.

"नको करू बाप्पा. शेगावचा डेकोरेशनवाला तयारच हाय. मंग गल्लीतले लग्नं बी त्यालेच देऊन टाकू."

वहाबनं अर्ध्या बांधलेल्या मांडवाकडं पाहिलं. उन्हाळ्यात या एका गल्लीत पाच लग्नं होती. त्यानं प्रतीक्षाच्या हातातून पेन घेतला. तीन बोटांत तो नीट धरता येईना.

"आण रे ते इकडं," आशाबाई म्हणाली.

ती सकाळपासून गोवऱ्या वाहत होती. वीस वर्षं कणकेचे रोडगे गोवऱ्यांवर भाजायला जाळापाशी तीच बसायची. फ्लेक्सवर ती कुठंच नव्हती. तिनं शेणकुटाचे हात पदराला पुसले आणि वहाबच्या बोटांतून पेन काढून घेतला.

"आशामाय, तू काऊन?"

"तू गप राय. कुठं करू व पोरी?"

"मावशी, तुम्ही जाळापाशी बसणार. भाजलं-बिजलं तर तुम्हाला काही मिळणार नाही."

"आजपावतो काय भेटलं? याले भेटन ना पण?"

"यांना मिळेल."

"मंग झालं."

तिनं एकेक अक्षर दाबून सही केली. ओट्यावर जीव आला. मोबाईलमधून माना बाहेर आल्या. एकानं तिचा सही करतानाचा फोटोही काढला.

"वा वहिनी! गल्लीची मायच हायेस तू," कारभारी म्हणाला. "पुढल्या साली तुहा बी फोटो टाकू फ्लेक्सवर."

"म्हंजे आता आयोजक मी?"

"हाव ना."

"माहा हुकूम चालन?"

"चालन म्हंजे? बोल तं खरी!"

"वहाब, तो फ्लेक्स उतरव. नळाचं पाणी झालं खाली. गोवऱ्या भिजून राह्यल्या."

वहाबनं कोणाच्या तोंडाकडं पाहिलं नाही. दातानं गाठी सोडल्या, फ्लेक्स उतरवला आणि ओल्या जमिनीवर अंथरला. तोंडं वर ठेवून. आशाबाईनं पहिलं टोपलं त्यावर रिकामं केलं. मग दुसरं. प्रतीक्षाची स्कुटी कागद घेऊन ठाण्याकडं गेली.

कारभारी ओट्यावरून उतरला. फ्लेक्सच्या कडेला उकिडवा बसून गोवऱ्यांच्या फटीतून वाकून वाकून पाहू लागला.

"वहिनी," तो म्हणाला, "हा ढीग जरासा तिकडं सरकवतं काय? माहं तोंड झाकून राह्यलं."