बाबांसाठी मांडलेला डाव

“खाली पडलेला फासा धरायचा नाही,” दादा म्हणाला. “पुन्हा टाक.”

“अरे, सहा पडलेत!” धाकटा टेबलाखालून ओरडला.

“पडू देत. नियम म्हणजे नियम. बाबांनीच घालून दिलाय.”

दोघांनी एकदमच बाबांकडे पाहिलं. बाबा चाकांच्या खुर्चीत बसले होते. नियम त्यांचाच होता. पण आता तोंड उघडलं, की ‘अं’च्या पुढे काही निघत नव्हतं. अर्धांगाच्या झटक्यानं उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती. डाव्या हाताची बोटं तेवढी हलायची.

धाकट्यानं पुन्हा फासा टाकला. एक पडला. त्याची घोडदळाची तुकडी टेकडीवरून मागे आली.

टेबलावर वॉटर्लूची लढाई मांडलेली होती. बोटाच्या पेराएवढे शिशाचे सैनिक, अख्खं टेबल भरून. दिवसा कचेरीत नकाशे काढायचे आणि संध्याकाळी भिंगाखाली धरून या सैनिकांच्या कोटांची बटणं रंगवायची, यात बाबांचा जन्म गेला. आई या फौजेला सवत म्हणायची. आई गेली, सवत राहिली.

दोन्ही मुलं या टेबलापाशीच मोठी झाली होती. म्हणून तर गेल्या रविवारी स्वयंपाकघरात दोघांची बराच वेळ कुजबूज चालली आणि शेवटी दादा म्हणाला, “भांडण नको. बाबांचं काय ते लढाईवर ठरवू.” बाबांनी ते पलंगावरून ऐकलं होतं. एकट्यानं राहणं आता शक्यच नव्हतं. कुणाकडे जायचं, एवढाच प्रश्न होता. आणि त्यासाठी मुलं चक्क डाव मांडणार होती! बाबांना त्या दिवशी भरून आलं. त्यांचं करायला पगारावर येणाऱ्या मावशींनी उशीवरचा ओला डाग पाहून उशी बदलली.

दादा वाईट नव्हता. पण त्याच्या घरी सगळं घड्याळावर चालायचं. “बाबा, धूळ किती बसते यांच्यावर! खोक्यात भरून माळ्यावर टाकू,” असं तो फौजेबद्दल मागेच बोलला होता. धाकट्याचं तसं नव्हतं. “माझ्याकडे या हो. पुढची खोली तुमच्या फौजेला,” असं तो झटका यायच्या आधी हसत हसत म्हणाला होता. बाबांनी ते मनात जपून ठेवलं होतं. धाकटा जिंकायला हवा, बस. दुसरं काही मागणं नव्हतं.

आणि धाकटा हरत होता.

“घाम पुस, छोट्या,” दादा म्हणाला.

“तुझाच सुटलाय बघ.”

“सुटणारच. हरलो तर घरात पाऊल ठेवायची सोय नाही. तिनं बजावलंय.”

“माझ्याकडे काय वेगळं आहे? सकाळपासून तीनदा फोन आला.”

सुनासुद्धा! बाबांना खरोखर आश्चर्य वाटलं. सुनांना आपण इतके हवे आहोत, हे आजवर कधी जाणवलं नव्हतं.

“नशीब काढलंत हं बाबा,” मावशी त्यांच्या मांडीवरचं पांघरूण सारखं करत म्हणाल्या. “दोघंही कसे जिवाच्या आकांतानं खेळतायत बघा.”

दादाकडे इंग्रज होते. त्याच्या मदतीला प्रशियन सैन्य यायचं होतं. दर खेपेला फासा टाकायचा, सहा पडले की ते टेबलाच्या कडेनं आत. ते आले की धाकट्याच्या फ्रेंचांचा निकाल लागला. अजून आले नव्हते, पण त्यांना वाट करून द्यायला दादानं मधल्या शेतघरामागची राखीव पलटण उचलून कडेला नेली. शेतघर उघडं पडलं.

बाबांना ते लगेच दिसलं. आयुष्यभर हीच लढाई खेळलेला माणूस तो! धाकट्याची सगळ्यात भारी पलटण मागे नुसती उभी होती. ती आता शेतघरावर घातली, की डाव खिशात. पण धाकटा भलतीकडेच बघत बसला होता.

“अं,” बाबा म्हणाले. “अं! अं!”

“पाणी हवंय का?” मावशींनी चमचा तोंडाला लावला. पाणी हनुवटीवरून ओघळलं. बाबांनी डोकं हलवायचा प्रयत्न केला. मावशींनी तोंड पुसलं, त्यात टेबलच दिसेनासं झालं. एवढा संताप आला बाबांना, की डोळ्यांत पाणी आलं. मावशींनी तेही पुसलं.

“बाबा, काय होतंय?” धाकट्यानं मान वर केली.

बाबांनी सगळा जीव डाव्या हातात गोळा केला. एक बोट कसंबसं सरळ झालं. धाकट्यानं बोटाकडे पाहिलं, मग बोटासमोर पाहिलं. शेतघर.

“अरेच्चा!” तो म्हणाला.

पुढे फार वेळ लागला नाही. भारी पलटण शेतघरात शिरली, टेकडीवरची इंग्रजांची फळी मधोमध फुटली. दादानं प्रशियनांसाठी शेवटचा फासा टाकला. दोन पडले. तो मटकन खाली बसला.

“बाबांनी दाखवलं तुला. हे बरोबर नाही.”

“नियमात कुठे आहे तसं? आता शब्द फिरवू नकोस हं.”

“नाही फिरवत,” दादा पडल्या आवाजात म्हणाला. “ठरलं ते ठरलं. पण घरी काय तोंड दाखवू, ते सांग.”

धाकटा धावत आला. त्यानं बाबांना मिठी मारली, कपाळावर ओठ टेकले. “तुमच्यामुळे जिंकलो, बाबा! फक्त तुमच्यामुळे!” बाबा रडत होते आणि हसतही होते, जेवढं अर्ध्या तोंडानं हसता येतं तेवढं. त्यांचं डावं बोट धाकट्याच्या सदऱ्यात अडकलं होतं. ते हळूच सोडवून त्यानं खिशातून फोन काढला.

“जिंकलो गं!” तो बायकोला म्हणाला. “सुटलो एकदाचे. बाबा दादाकडे.”