घराला कोणता फोम?

"हादरे बसले तर हा फोम तडकतो का?" अर्व्हिडनं विचारलं.

सिग्नेनं कॉफीची किटली टेबलावर आदळली. "घराला हादरे कोण देणार आहे? तू?"

फोमवाला ड्वेन हसला. त्यानं टेबलावर दोन तुकडे मांडले होते. एक पावासारखा मऊ, दुसरा लाकडासारखा टणक. मऊ असतो तो स्वस्त, पण थर जाड लागतो आणि ओल पितो. टणक महाग, पण दोन बोटांच्या थरातही ऊब धरतो आणि पाण्याला दाद देत नाही. थंडी अडवायला भिंतीत यातला कुठला मारायचा, एवढाच प्रश्न. शाळकरी पोरानंही निवडला असता. पण अर्व्हिडचं उन्हाळाभर घोंगडं भिजत पडलं होतं, आणि आता ऑक्टोबरात आलेला हा तिसरा फोमवाला होता.

उत्तर मिनेसोटात घर गरम नसलं की माणसाचे हाल कुत्रा खात नाही. गेल्या हिवाळ्यात सिग्नेचे सांधे इतके धरले की सकाळी बरणीचं झाकण फिरवता येईना. सासऱ्यांनी बांधलेल्या घराच्या भिंती पोकळ. वारा विजेच्या बटणांमधून आत यायचा. अर्व्हिडला काय त्याचं? तळं गोठलं की हा पहाटेच बर्फावर मासे धरायला पसार. मागे कुडकुडत बसायची ती.

शेवटी एप्रिलमध्ये चर्चहून परतताना तिनं गाडीत सांगून टाकलं, "अर्व्हिड, तुझ्या त्या घरात थंडीचं मला आता बसवत नाही. गरम केलंस तर हिवाळाभर तुझ्याजवळ बसेन. नाहीतर मी चालले गर्डाकडे ॲरिझोनाला. कायमची."

मेहुणीचं नाव ऐकून अर्व्हिडनं गाडीचा वेग जरा कमी केला. मग म्हणाला, "बरं."

आमच्याकडची माणसं एका 'बरं'वर उभा संसार रेटतात. सिग्नेनंही पुढं काही विचारलं नाही.

"आणि वजन?" अर्व्हिडचं चालूच होतं. "टणक मारला तर घर किती जड होईल?"

"अरे देवा!" सिग्ने ओरडली. "घर डोक्यावर घेऊन फिरणार आहेस का? ड्वेन, मागच्या माणसाला यानं हेच विचारलं. तो बिचारा केक अर्धा टाकून उठला!"

"विचारून ठेवलेलं बरं," अर्व्हिड शांतपणे म्हणाला.

"वजन फार नाही वाढत," ड्वेननं समजूत घातली. "उलट भिंती बळकट होतात."

"आणि खालचं? खालून येणारा गारवा सगळ्यात वाईट."

"तिथंही मारू."

"आणि ओल?"

"टणक असेल तर थेंब शिरणार नाही."

"हं," अर्व्हिड म्हणाला आणि पुन्हा मऊ तुकडा दाबून बघायला लागला.

सिग्नेचा तोल सुटला. "टणक! ऐकलंस? माझ्या हाडांकडे बघ आणि टणक मार! पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं माणसानं?"

अर्व्हिडनं मान वर केली. "तुला टणक हवा?"

"हो!"

"मग टणक."

एवढं बोलून तो ड्वेनला मापं घ्यायला घेऊन गेला. तेही मागच्या अंगणात. भिंती आत, आणि हे दोघे बाहेर! सिग्नेनं खिडकीतून हाक मारली, पण कुणाचं लक्ष असेल तर शपथ. कॉफी गार झाली.

ड्वेन परत आला तो गालातल्या गालात हसत. "गुरुवारी येतो. फोम मारला की दिवसभर आत कुणी जायचं नाही, वास बाधतो. बाकी बाई, नशीबवान आहात हो. असा नवरा मिळायला भाग्य लागतं."

"मग घेऊन जा त्याला," सिग्ने म्हणाली.

गुरुवारी सकाळी तिनं एकटीनं सगळं आवरलं. दुखऱ्या बोटांनी पलंग, कपाटं, आरसे चादरींनी झाकले. पीठ, साखर, कॉफी गाडीत भरली. अर्व्हिड दारात येऊन उभा राहिला.

"हे काय?"

"तयारी."

"बरं," म्हणून तो निघून गेला. चादरीचं एक टोक धरेल तर हराम.

रात्रीपुरती ती मैत्रिणीकडे, एल्नाकडे गेली. तिथं मात्र तिला झोप आली नाही. आपण जरा फार बोललो का, असं वाटत राहिलं. अखेर केलंन त्यानं. आता गर्डाकडे जायचं नाही, इथंच मरेपर्यंत राहायचं. तिला फार बरं वाटलं.

शुक्रवारी ती परतली तेव्हा बर्फ भुरभुरत होतं. उंबरठ्यावरच तिनं कोट काढला, हातमोजे काढले, आणि आत पाऊल टाकलं.

आत कालचीच थंडी होती. तिनं भिंतीवर टिचकी मारली. पोकळ. बटणापाशी हात धरला. वारा येत होता. चादरी जशाच्या तशा, वासाचा पत्ता नाही. सिग्नेला रडू कोसळलं, ते निव्वळ संतापानं. कोट पुन्हा अंगात घालून तिनं फोन उचलला आणि गर्डाचा नंबर फिरवायला लागली.

तेवढ्यात मागच्या दारानं अर्व्हिड आला. गाल लाल, चेहरा फुललेला.

"थंडीत इथं काय करतेस?" तो म्हणाला. "घरात चल की."

फोन तिच्या हातून काढून ठेवून, कोपराला धरून, त्यानं तिला मागच्या अंगणात नेलं. तिथं त्याची छोटीशी फळ्यांची खोली उभी होती. दर हिवाळ्यात ट्रकला बांधून तो ती गोठलेल्या तळ्यावर ओढत नेई आणि आत एकटा मासे धरत बसे. आमच्याकडचे सगळे पुरुष तिला नुसतं 'घर' म्हणतात. त्यानं दार उघडलं. उबेचा झोत सिग्नेच्या तोंडावर आला. आत भिंतींना टणक फोम मारलेला. गळ सोडायला तळाच्या फळ्यांत पाडलेलं त्याचं जुनं भोक होतं, त्याच्या शेजारी एक नवं कापलेलं, आणि नव्यापाशी गोधडीची घडी ठेवलेली खुर्ची.

"खिडकीजवळचं तुझं," अर्व्हिड म्हणाला.