साबण नसलेली बाटली

तेल वर यायलाच तयार नव्हतं.

विज्ञानाच्या बाईंनी बाटली उजेडात धरली. आत नुसतं नळाचं पाणी आणि चमचाभर खायचं तेल. हलवून ठेवलं की दोघांनी आपापल्या वाटेला लागायचं, एवढं साधं काम. साबण घातलेली दुसरी बाटली दुधासारखी पांढरी राहायला हवी होती, ती राहिली. पण ही बिनसाबणाचीसुद्धा तशीच पांढरी. मागच्या बाकावर मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, हाताची घडी घालून बसल्या होत्या. आज पाठ जमला तर नोकरी कायम, नाहीतर सुट्टीनंतर दुसरी शाळा शोधायची.

"बाई, याचंपण दूध झालं की हो," पहिल्या बाकावरची आगाऊ मुलगी म्हणाली. वर्ग खिदळला.

"बाटली नीट विसळली नाहीत तुम्ही. साबण राहिलाय," बाई करवादल्या. त्यांनी कोरी बाटली काढली. मॉनिटरने नळावरून ती भरून आणली. पुन्हा तेल, पुन्हा हलवणं, पुन्हा दूध. बाईंना घाम फुटला. खिडकीतून साबणाच्या वाफेचा भपकारा येत होता. शाळेच्या जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीला अगदी खेटून गेल्या महिन्यात लाँड्री सुरू झाली होती. दवाखान्याच्या चादरींचे गठ्ठे तिथे रोज उतरायचे.

त्यात वर्ग अर्धा रिकामा. घराघरांतून पोटदुखीचे निरोप येत होते. परीक्षा जवळ आली की पोरांची पोटं दुखायला लागतात, हे बाईंना नवं नव्हतं. एका मुलीला तर काल त्यांनी "नाटकं पुरे" म्हणून दटावून शेवटच्या तासापर्यंत बसवलं होतं. आज तिचीही जागा रिकामीच होती.

शेवटी बाईंनी पिशवीतून घरून आणलेलं पिण्याचं पाणी काढलं. आणखी एक कोरी बाटली घेतली. तेल तेच. हलवलं आणि टेबलावर ठेवलं. तेल शहाण्यासारखं वर आलं, खाली पाणी नितळ. टाळ्या पडल्या. बाईंचा जीव भांड्यात पडला.

"छान सावरलंत," मोठ्या बाई पुढे येत म्हणाल्या. "साबणाशिवाय तेल-पाणी एकजीव होत नाही, हे आता पोरं जन्मात विसरणार नाहीत. तुमची ऑर्डर उद्या काढते."

शिपायाने नळावरून भरून आणलेला पाण्याचा पेला मोठ्या बाईंपुढे धरला. बाई हसत होत्या. मग त्यांनी टेबलाकडे पाहिलं. तेल तेच, बाटल्या कोऱ्या. बदललं होतं फक्त पाणी.

मोठ्या बाईंनी पेला ओठांना लावला, तोच बाईंनी तो हिसकावून घेतला. पाणी त्यांच्या साडीवर सांडलं.

"हे काय चाललंय तुमचं?" मोठ्या बाईंचा चेहरा लाल झाला.

बाईंनी खिडकीबाहेरच्या लाँड्रीकडे बोट दाखवलं. त्या रिकाम्या बाकांकडे बघत राहिल्या. पोरांची पोटं खरंच दुखत होती.