दहा पावलं

सूर्यकांतनं वाटणीचा दावा लावल्यापासून धाकटा भाऊ वर्षभर बोलला नव्हता. आज गावाकडून त्याचा फोन आला, तेव्हा दुबईजवळच्या अजमानमधल्या फ्लॅटमध्ये सूर्यकांतनं तो बिचकतच उचलला. "दादा, रिव्हॉल्वरचं लायसन्स मिळालं. दोन फोटो पाठवलेत. सारखीच दिसतात, एकाची नळी लांब, एकाची आखूड. तू इंजिनिअर, तूच सांग." सल्ला मागतोय म्हटल्यावर सूर्यकांत सैलावला. "लांब नळीचं घे, नेम दूरवर लागतो. आखूड नळीचं दहा पावलांपुढे भरवशाचं नाही." "बरं. जमिनीच्या मोजणीला कधी येतोस?" "वीसला, लीव्ह मिळालीय. पण तुला रिव्हॉल्वर कशाला रे?" "वीसला. लिहून ठेवतो," भाऊ म्हणाला. सूर्यकांत टेबलावरच्या पासपोर्टकडे पाहत राहिला. "ऐक," तो कसाबसा म्हणाला, "आखूड नळीचंच घे." "तेच घेणार होतो," भाऊ म्हणाला. "आपलं अंगण कुठं दहा पावलांहून मोठं आहे, दादा?"