बाराबंदीची बगल

मंदानं नवऱ्याच्या अंगातल्या बाराबंदीचा शेवटचा बंद आवळला आणि त्याला बजावलं, की आता लोक येऊन जाईपर्यंत जागचं हलायचं नाही. सुकलालनं मान डोलावली. मागावर बारा-बारा तास उभा राहणारा माणूस तो, उभं राहण्याचं त्याला काही वाटत नव्हतं. हात तेवढे त्यानं अंगालगत धरले होते, कारण जरा वर नेले की काखेत काचत होतं.

ते मंदालाही ठाऊक होतं. सुरतेच्या गोडादऱ्यातल्या शाळेच्या हॉलमध्ये महाराष्ट्र दिनाला जुन्या पेहरावांचं प्रदर्शन ठरलं, तेव्हा बाराबंदी मी शिवते, असं तीच मराठी मंडळाच्या बैठकीत सगळ्यांदेखत बोलून बसली होती. ब्लाउज शिवणं वेगळं आणि हे वेगळं, असं गणपत टेलरनं तेव्हाच हसत सांगितलं होतं. नमुना म्हणून तिच्याजवळ सुकलालच्या आजोबांचा बाराबंदीतला एक फोटो होता. म्हातारबा खुर्चीवर बसलेले, हात मांडीवर, आणि काखेत चुण्याच चुण्या. त्यांच्या शिंप्याला बेतता आलं नसावं, असं म्हणून मंदानं आपली बाराबंदी अंगासरशी, एकही चुणी न ठेवता बेतली. साड्यांनी भरलेल्या सुरतेत जाड सुती मांजरपाटासाठी चार दिवस हिंडली. तीनदा उसवून शिवलं, तरी काचणं गेलं नाही. मग तिनं मनाशी म्हटलं, नुसतं उभंच तर राहायचंय.

दार उघडायला तासभर होता. तेवढ्यात वर बांधलेल्या कापडी फलकाची एक दोरी सुटली. मंदा स्टूल घेऊन चढली, टाचा उंचावून दोरीला हात घालते न घालते तोच स्टुलाचा पाय कलला. सुकलाल दोन ढांगांत आला आणि त्यानं तिला वरच्या वर झेललं. टर्रर्र आवाज झाला, दोन्ही बगलांतून.

मंदाच्या शिवणक्लासच्या मुली तिथंच होत्या, गणपत टेलरही होता. सुकलालनं तिला खाली उतरवलं, डोक्यावर येणारा फलक एका हातानं वरच थोपवला, आणि काय फाटलं ते न बघता विचारलं, "लागनं का वं तुले?"

मंदाचे डोळे भरून आले होते. तिनं वर पाहिलं, आणि पाहतच राहिली. कापड फाटलं नव्हतं. बाहीची शिवण आणि कुशीची शिवण जिथं मिळतात, तिथं दोन्ही उसवल्या होत्या, आणि वर केलेल्या हाताखाली पतंगासारखा, कोनावर उभा चौकोन उघडा पडला होता. कमी होता तो एवढाच तुकडा. म्हातारबांच्या शिंप्यानं तो घातला होता. हात खाली आला की त्याच्याच चुण्या पडत होत्या.

सुकलाल हात खाली घेऊ लागला.

"हात खाले करू नका," मंदा म्हणाली.

तिनं गुजराती पेपरचा कागद त्याच्या काखेत धरला आणि पेन्सिलीनं चौकोनाची कड काढून घेतली. सुकलालला गुदगुल्या होत होत्या, पण तो हलला नाही. गणपत टेलर जवळ आला. कागद हातात घेऊन त्यानं उलटसुलट पाहिला. मग म्हणाला, की समोर दुकान उघडंच आहे, माझ्या मशीनवर बस.

मांजरपाटाची चिंधीसुद्धा उरली नव्हती, सगळं बंदांत गेलं होतं. गणपतच्या दुकानात सुती म्हणून लाल अस्तर तेवढं मिळालं. मंदानं त्याचेच दोन चौकोन कापले आणि घाईनं बसवले. एक किंचित तिरका गेला. उसवायला वेळ नव्हता.

लोक आले. एक निवृत्त मास्तर बाराबंदीपाशी बराच वेळ थांबले आणि वाकून पाहत म्हणाले, की पूर्वी काखेत असं लाल कापड लावत असल्याचं त्यांच्या काही पाहण्यात नाही. मुली एकमेकींकडे बघू लागल्या.

"नव्हते लावत," मंदा म्हणाली. "तिथं माझं चुकलं होतं."

मास्तरांना नीट दिसावं म्हणून सुकलालनं, कुणी न सांगता, दोन्ही हात पार डोक्यावर नेले, आणि पुढची माणसं येईपर्यंत तसेच धरून ठेवले.