उजेडाची रांगोळी

“अहो, बिनधास्त पाय ठेवा! रांगोळी नुसत्या उजेडाची आहे. पाय पडला की फुलं उडतात, तीच तर गंमत!”

प्रदर्शनात मृण्मयी सकाळपासून हेच ओरडत होती. प्रोजेक्टरची ही करामत जमवायला तिला सहा महिने लागले होते, आणि पाहुणे मात्र चपला हातात घेऊन भिंतीकडेनं सरकत होते. गोदूमावशींनी तर लादी पुसतानाही रांगोळीपुरती जागा सोडली होती.

“मावशी, ही पुसली जात नाही हो!”

“मग ताई, तुम्ही का मघापासून वळसा घालून जाताय?”

मृण्मयी चपापली. मग इरेला पेटून तिनं रांगोळीच्या मधोमध पाय ठेवला. झेंडूची फुलं भिंतभर उधळली, टाळ्या पडल्या.

तोवर ती वाकून, लादीला हात लावून नमस्कार करत होती.